नूर इनायत खानवर लिहिणाऱ्यांना खुलं पत्र: आधी लंडनमधलं टेबल बघा

नाटककार, पटकथाकार, अभिवाचन आणि पॉडकास्ट करणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

नूर इनायत खानवर मराठीत काही करावं असं अनेकांच्या मनात असतं, आणि विषय आहेच तसा. टिपू सुलतानाच्या वंशातली, मॉस्कोत जन्मलेली, पॅरिसजवळ वाढलेली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी मुलगी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची वायरलेस ऑपरेटर होऊन जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये काम करते. एवढं नाट्य मुद्दाम रचायला गेलं तर खोटं वाटेल. पण अशा संहितांमध्ये लंडन म्हणजे बहुतेक वेळा एक पाइपवाला साहेब, भिंतीवर नकाशा आणि टेबलावर दिवा. साहेब हुकूम सोडतो आणि पुढचा प्रवेश थेट पॅरिसमध्ये. आमची तक्रार इथेच आहे. नूर पकडली गेल्यावर तिच्या नावानं आणखी माणसं का मेली, याचं जवळजवळ सगळं उत्तर लंडनमध्ये आहे. ते पॅरिसमध्ये शोधत बसलात तर सगळा दोष त्या पोरीच्या माथी जातो, आणि तो तिचा नव्हता.

म्हणून विनंती अशी, की व्हेरा ॲटकिन्स या बाईंना गोष्टीच्या मध्यावर आणा. त्यासाठी लागणारा तपशील खाली देतो आहोत.

आधी संस्थेचं नाव नीट करा. व्हेराबाई किंवा नूर एमआय-६ मध्ये नव्हत्या. एमआय-६ म्हणजे सीक्रेट इंटेलिजन्स सर्व्हिस. तिचं काम गुपचूप माहिती काढण्याचं, आणि कुठे आवाज होऊ नये अशी तिची धडपड. या दोघी होत्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हमध्ये, म्हणजे एसओईत. जुलै १९४० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं काम रूळ उखडणं, कारखाने बंद पाडणं, स्थानिक गटांना शस्त्रं पुरवणं. एकीला शांतता हवी, दुसरीला स्फोट. त्यामुळे या दोन संस्थांचं फारसं पटत नसे. एसओईचं मुख्यालय ६४, बेकर स्ट्रीटला होतं. तिथल्या फ्रान्स विभागाचे, म्हणजे एफ सेक्शनचे प्रमुख मॉरिस बकमास्टर. युद्धाआधी ते फोर्ड कंपनीच्या फ्रान्समधल्या कामावर होते. व्हेराबाई १९४१ मध्ये सेक्रेटरी म्हणून लागल्या आणि बघता बघता विभागाच्या गुप्तवार्ता अधिकारी झाल्या.

त्या इंग्रज नव्हत्या. जन्म १९०८, रोमानियातलं गालात्स, जन्मनाव व्हेरा मारिया रोझेनबर्ग. ॲटकिन्स हे आईकडचं आडनाव. १९३७ मध्ये त्या इंग्लंडला आल्या. रोमानिया जर्मनीच्या गोटात गेल्यावर ही ज्यू बाई कागदोपत्री शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली, आणि ब्रिटिश नागरिकत्व मिळालं ते थेट १९४४ मध्ये. म्हणजे नूरला फ्रान्सला पाठवताना तिच्या अधिकारी बाई स्वतः परक्या देशाच्या होत्या, आणि ऑफिसात हे फार थोड्यांना ठाऊक होतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. एक छोटी सूचना याच ओघात: त्यांना महिला हवाई दलाचा हुद्दा १९४४ मध्ये मिळाला. १९४३ च्या प्रवेशात त्या नीटनेटक्या साध्या पोशाखात हव्यात, गणवेशात नाही.

आता रोजचं काम. एजंटांना बेकर स्ट्रीटचा पत्ता कधी सांगत नसत. पकडले गेले तर सांगायला तो माहीतच नको. त्यांच्या भेटी पोर्टमन स्क्वेअरमधल्या ऑर्चर्ड कोर्ट या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये होत. दार उघडायला पार्क नावाचा माणूस. कोणता एजंट कोणाच्या नजरेला पडता कामा नये हे त्याला तोंडपाठ, आणि दोघांची वेळ एकत्र आली तर एकाला बाथरूममध्ये बसवून ठेवत. त्या बाथरूममध्ये सगळं काळं संगमरवर, टबसुद्धा काळा. सेट डिझाइन करणाऱ्यांना ही खोली आयतीच मिळाली आहे. आतापर्यंत कोणी ती सोडली असेल तर आश्चर्य वाटेल.

व्हेराबाईंच्या टेबलावर फ्रान्समधून येणारा बारीकसारीक ऐवज जमा होई: रेशनकार्डाचा नवा रंग, संचारबंदीची बदललेली वेळ, कोणत्या स्टेशनवर झडती होते, कोणता शिक्का रद्द झाला. ही माहिती शिळी झाली की माणूस मरतो. तंबाखूचं रेशन बायकांना मिळत नसे, त्यामुळे तिकडे पोचलेल्या बाईनं दुकानात जाऊन आपल्या वाट्याची सिगारेट मागितली की संपलं. कपडे फ्रेंच पद्धतीनं शिवलेले हवेत, कॉलरमागची इंग्लिश लेबलं उसवलेली हवीत. दातातली इंग्लिश पद्धतीची भरणी काढून फ्रेंच पद्धतीची सोन्याची बसवून घ्यावी लागे. मृत्युपत्र, पगाराची व्यवस्था, घरच्यांचे पत्ते हेही सगळं त्यांच्याचकडे. माणूस फ्रान्समध्ये असताना घरी ठरावीक काळानं विभागाकडून चार ओळी जात, की खुशाली आहे, बातमी चांगली आहे. नूर तुरुंगात असतानाही विभागाची समजूत ती पॅरिसमध्ये काम करते आहे अशीच होती. त्या काळातला नूरच्या आईचा एखादा प्रवेश लिहिणार असाल तर हे डोक्यात ठेवा.

निघायची रात्र. नूर पॅराशूटनं उतरली असं जागोजागी वाचायला मिळतं, ते चूक. १६-१७ जून १९४३ च्या रात्री ती लायसँडर विमानातून आँजेजवळच्या शेतात उतरली. लायसँडर म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, डाव्या अंगाला कायमची शिडी जोडलेली. मागे दोन प्रवासी बसायचे, अडचणीत तीन. उड्डाण इंग्लंडमधल्या टँगमेअरच्या तळावरून, आणि फक्त पौर्णिमेच्या आगेमागे आठवडाभर, कारण वैमानिक नद्या आणि रस्ते चांदण्यात बघत जाई. अमावास्येच्या काळ्याकुट्ट अंधारातलं लँडिंग लिहू नका. खाली शेतात तीन टॉर्च काठ्यांना बांधलेले, उलट्या एल अक्षराच्या आकारात: दोन वाऱ्याच्या दिशेत साधारण दीडशे मीटर अंतरावर, तिसरा पलीकडच्या टोकाला पन्नास मीटर बाजूला. वरून ठरलेलं मोर्स अक्षर आलं की खालून ठरलेलं उत्तर. ते चुकलं तर वैमानिकानं न उतरता परत फिरायचं. उतरल्यावर तीनएक मिनिटांत माणसं खाली, नवी माणसं वर, आणि उड्डाण. घात व्हायचा तो चिखलानं, नाहीतर धुक्यानं. डिसेंबर १९४३ मध्ये एका रात्री परत येताना इंग्लंडच्या किनाऱ्यावरच दाट धुकं मिळालं आणि दोन लायसँडर वैमानिक घरच्या जमिनीवर कोसळून गेले.

व्हेराबाई बहुतेक बायकांना निरोप द्यायला जातीनं जात. खिसे उलटे करून बघत: लंडनच्या बसचं तिकीट, इंग्लिश काडेपेटी, धोब्याची खूण. नूरनं त्यांच्या कोटावरच्या चांदीच्या पक्ष्याच्या ब्रोचचं कौतुक केलं आणि त्यांनी तो काढून तिला लावला, असं सांगतात. प्रसंग जरूर घ्या. मात्र त्याच रात्रीची दुसरी गोष्ट सोडू नका. ते शेत ज्यानं निवडलं आणि विमान उतरवून घेतलं, तो आंरी देरिकूर एफ सेक्शनचा फ्रान्समधला विमानव्यवस्था अधिकारी होता, आणि एजंटांची पत्रं तो जर्मन सुरक्षा सेवेला वाचायला देत होता.

वायरलेसचा सेट रंगमंचावर नीट दिसला पाहिजे, कारण तो फार ठिकाणी चुकतो. एसओईचा प्रसिद्ध बी-२ सेट सुटकेसमध्ये बसे आणि सगळं धरून त्याचं वजन साधारण १५ किलो भरे. अभिनेत्री ती सुटकेस झोके देत नेते तेव्हा सगळं ओमफस होतं. आत खरोखर १५ किलो तांदूळ भरा, चाल आपोआप बदलेल. याहून छोटे सेटही होते, पण त्यांची ताकद कमी. एरिअल म्हणजे गाडीवरची काडी नव्हे. पंधरा-अठरा मीटर लांब तार खिडकीतून, गच्चीवरून किंवा झाडातून ताणावी लागे, आणि पकडवून देई ती बहुधा तीच. फ्रिक्वेन्सी ठरे क्वार्ट्झच्या क्रिस्टलवर. दिवसासाठी वेगळा, रात्रीसाठी वेगळा, कारण शॉर्टवेव्ह दिवसा वरच्या पट्ट्यात चालते आणि रात्री खालच्या. क्रिस्टल तुटला किंवा हरवला की सेट असूनही माणूस मुका.

जर्मनांची शोधायची पद्धत टप्प्याटप्प्याची. लांबच्या कायमच्या केंद्रांवरून दिशा घेऊन आधी शहर ठरवायचं, मग एरिअल दडवलेल्या गाड्या फिरवून मोहल्ला, मग कोटाखाली रिसीव्हर लावलेला पायी माणूस. कधी वस्तीची वीज एकेका भागात घालवत. मोर्स मध्येच थांबला की घर त्याच भागात. म्हणून मेन्सऐवजी बॅटरीवर सेट चालवायचा. उपाय एकच: थोडं बोला, जागा बदला, वेळ बदला. नूरनं जून अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत हे पॅरिसमध्ये केलं. एजंटांच्या ज्या जाळ्यात ती काम करायला गेली होती ते ती पोचल्यावर आठवड्याभरातच उद्ध्वस्त झालं होतं. लंडननं परत ये म्हटलं, तेव्हा बदली माणूस येईपर्यंत ती हलायला तयार नव्हती.

आता सांकेतिक भाषा. एजंटला एक कविता पाठ असे. संदेशाच्या वेळी तिच्यातले पाच शब्द निवडायचे, सलग लिहायचे आणि अक्षरांना वर्णक्रमानं आकडे द्यायचे. पहिल्या ए ला १, दुसरा ए असेल तर त्याला २, मग बी, असं शेवटपर्यंत. त्या आकड्यांखाली संदेश आडव्या ओळीत भरायचा आणि आकड्यांच्या क्रमानं उभे रकाने उतरवून घ्यायचे. निघालेल्या मजकुरावर तोच प्रकार पुन्हा एकदा. मग पाच-पाच अक्षरांचे गट, आणि कोणते शब्द घेतले हे सांगणारा एक गट ठरलेल्या जागी. कवितेतल्या एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं किंवा दोन रकान्यांची अदलाबदल झाली, की लंडनला पोचते ती अक्षरांची खिचडी. अशा वेळी पुन्हा पाठव म्हणायची सोय नाही, कारण दुसऱ्यांदा सेट लावणं म्हणजे गाडीला आमंत्रण. मग इंग्लंडमधल्या ग्रेंडन अंडरवुडच्या केंद्रावर तरुण मुली पाळीपाळीनं शेकडो, कधी हजारो शक्यता तपासत बसत. सांकेतिक विभागाचे लिओ मार्क्स त्यांच्या मागे लागून ते काम करून घेत. पुढे मार्क्सनी कविता मोडीत काढून रेशमी कापडावर छापलेल्या किल्ल्या आणल्या. एक वापरायची, कापायची, जाळायची. कविता मारहाणीत तोंडातून काढून घेता येते, जळलेलं कापड कसं काढणार?

या सगळ्याच्या पोटात होती ती सिक्युरिटी चेक नावाची खूण. तुमच्या नाटकाचा कणा हीच असू द्या. प्रत्येक ऑपरेटरला दोन खुणा दिलेल्या असत, उदाहरणार्थ ठरावीक जागी मुद्दाम केलेली अक्षराची चूक. एक फसवी, मार खाल्ल्यावर सांगून टाकायला. दुसरी खरी, कधीही न सांगायची. संदेशात फसवी आहे आणि खरी नाही, याचा अर्थ: मी पकडलो गेलो आहे, हा संदेश शत्रूचा समजा.

हे चाललं का? हॉलंडमध्ये मार्च १९४२ मध्ये एसओईचा वायरलेस ऑपरेटर हुब लाउवर्स पकडला गेला. त्यानं जर्मनांसमोर बसून खूण गाळली, पुन्हा पुन्हा गाळली. लंडननं दुर्लक्ष केलं आणि पुढच्या वर्षभरात पन्नासहून अधिक माणसं थेट जर्मनांच्या हातात उतरवली. त्यानंतर पॅरिसमध्ये जून १९४३ अखेर गिल्बर्ट नॉर्मन हा ऑपरेटर पकडला गेला. त्याच्या सेटवरून आलेल्या संदेशात खरी खूण नव्हती. बेकर स्ट्रीटवरून उत्तर गेलं की तू खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. म्हणजे खरी खूण वेगळी आहे हे जर्मनांना लंडननं स्वतः कळवलं. समोर बसलेल्या नॉर्मनचा चेहरा काय झाला असेल? हा प्रसंग कोणी मराठी रंगमंचावर अजून का आणला नाही, हे कोडं आहे.

अशी चूक शहाणीसुरती माणसं का करतात, हे दाखवाल तर नाटक उभं राहील. पहिलं कारण, खरोखर पकडले न गेलेले एजंटही घाईत खूण विसरत, त्यामुळे ‘विसरला असेल’ ही सबब नेहमी तयार असे. दुसरं कारण हाताचं वळण. प्रत्येक ऑपरेटरच्या मोर्सची ढब इंग्लंडमध्ये नोंदवून ठेवत, आणि ढब जुळली की खुणेवरचा विश्वास उडे. ती ढब नक्कल करता येते हे मान्य करायला जड. तिसरं कारण बकमास्टर. त्यांचा आपल्या माणसांवर जीव होता आणि एखादा सेट बोलतो आहे तोवर माणूस जिवंत आहे, असं त्यांना वाटायचं. आणि व्हेराबाई? त्यांची नजर त्यांच्या साहेबांहून तीक्ष्ण होती, हे जवळपास सगळेच मान्य करतात. त्यांनी टेबलावर हात आपटून हे थांबवल्याचा पुरावा नाही. नागरिकत्वाचा अर्ज साहेबांच्या शिफारशीवर अडकलेला असताना बाई गप्प राहिल्या असतील का? आमचा कल होय म्हणण्याकडे आहे, पण तो तर्क आहे. तुम्ही लेखक आहात, तुम्हाला तो प्रवेश लिहायची मुभा आहे.

ऑक्टोबर १९४३ च्या मध्यावर नूर फितुरीनं पकडली गेली. खोलीत तिच्या जुन्या संदेशांची वही सापडली. ८४, आव्हेन्यू फॉशवर जर्मन सुरक्षा सेवेचं ठाणं होतं; तिथून तिनं दोनदा पळायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा छपरावरून. त्या नोव्हेंबरातच तिला जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात बेड्या घालून ठेवलं. इकडे तिचा सेट जर्मन चालवत राहिले. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस या खोट्या सेटशी ठरवून फ्रान्स आंतेल्म (फ्रान्स हे त्याचं नाव), लायोनेल ली आणि मादलेन दामर्माँ हे एजंट शार्त्रजवळ पॅराशूटनं उतरले. स्वागताला जर्मनच होते.

आणि लंडनला इशारा मिळालेला होता. ‘मादलेन’ म्हणजे नूरच्या सांकेतिक नावाची बाई गोत्यात आहे, अशा अर्थाचा निरोप त्याच शरदात स्वित्झर्लंडमधल्या बर्नमार्गे आला होता. पाठवणारीचं नाव सोनिया. ही सोनिया कोण, हे बेकर स्ट्रीटला माहीत नव्हतं. ती लंडनहून गेलेली नव्हती. पॅरिसमध्येच एका जाळ्यानं तिला निरोप्याच्या कामावर घेतलं होतं. तिची फाइल नाही, फोटो नाही, कार्ड नाही. निरोप बाजूला पडला.

स्थानिक धागा हवा असं निर्माते म्हणतीलच, म्हणून थोडं विषयांतर. पुण्याजवळ खडकवासल्याला एसओईची गनिमी प्रशिक्षणाची शाळा होती. आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री गोव्यात मुरगाव बंदरात एसओईच्या लुईस प्यू यांच्या योजनेनुसार कलकत्ता लाइट हॉर्सचे पोक्त वयाचे हौशी शिपाई, फिबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून एरेनफेल्स या जर्मन जहाजावर चढले. जहाजावर जहाजांच्या हालचाली कळवणारा ट्रान्समीटर आहे असा संशय होता. जर्मन आणि इटालियन खलाशांनी बंदरातली आपापली चारही जहाजं स्वतःच बुडवली. पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे ही भानगड पुढे तीस-पस्तीस वर्षं झाकून राहिली. यावर स्वतंत्र नाटक करा. नूरच्या गोष्टीत ते कोंबू नका.

उत्तरार्ध युद्धानंतरचा. एफ सेक्शननं चारशेहून अधिक माणसं फ्रान्समध्ये पाठवली, त्यात ३९ बायका. ११८ जणांचा पत्ता लागेना. एसओई जानेवारी १९४६ मध्ये बंद झाली, सरकारला विषय संपवायचा होता. व्हेराबाई हट्टानं जर्मनीत गेल्या, युद्धगुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ब्रिटिश पथकाबरोबर बाड ओएनहाउझेनमध्ये राहून तुरुंगाच्या वॉर्डर बाया, छावण्यांचे पहारेकरी, कमांडंट अशा एकेकाला समोर बसवून विचारत गेल्या. ऑशविट्झ छावणीचा कमांडंट रुडॉल्फ होएस त्यातलाच. ११८ पैकी ११७ जणांचं काय झालं ते त्यांनी शोधून काढलं. पद्धत साधी: तुरुंगाची नोंदवही, बदलीची तारीख, गाडीत कोणाबरोबर बसवलं, कपडे काय होते, केस कसे होते.

आणि इथेच ती फाइल नसलेली बाई परत आडवी आली. ६ जुलै १९४४ रोजी नात्सवायलरच्या छावणीत चार बायकांना इंजेक्शन देऊन मारलं आणि जाळलं. तिथं कैदेत असलेला एसओईचा ब्रायन स्टोनहाउस हा चित्रकार होता. त्यानं त्या चौघींना जाताना पाहिलं होतं आणि नंतर आठवणीनं वर्णन आणि रेखाटनं करून दिली. आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना राउडेन या तिघी पटल्या. चौथी? व्हेराबाईंच्या यादीत त्या अंगलटीची, काळ्या केसांची, अजून न सापडलेली एकच होती. त्यांनी नूर असा निष्कर्ष काढला, घरच्यांना तसं कळवलं गेलं, आणि १९४६ मध्ये वुपर्टालला खटलाही चालला. पुढे फोर्त्सहाइमला शेजारच्या कोठडीत असलेल्या फ्रेंच कैदी बाईची साक्ष आली आणि हिशेब बिघडला: जुलैनंतरही नूर जिवंत होती. तिला १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छावणीत मादलेन दामर्माँ, योलांद बीकमन आणि एलियान प्लूमन यांच्याबरोबर गोळी घातली. नात्सवायलरची चौथी बाई होती सोनिया ओल्शानेझ्की, तीच इशारा पाठवणारी, वय २०. लंडनच्या यादीत नाव नसल्यामुळे आधी तिचा निरोप खोटा ठरला आणि नंतर तिचा मृत्यू दुसरीच्या नावावर लागला.

तेव्हा काही किरकोळ पण न सोडण्याच्या दुरुस्त्या. नूर टिपूची नात नव्हे. त्याच्या वंशात ती बऱ्याच पिढ्यांनी येते. तिला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक १९४९ मध्ये, मरणोत्तर. मृत्यूचं ठिकाण डाखाउ, नात्सवायलर नाही; जुन्या मजकुरावरून उतरवून घेणारे अजून तिथंच अडकतात. छळाचे प्रवेश रंगवू नका, त्यातलं बरंचसं नंतरच्या लोकांनी भर घातलेलं आहे. व्हेराबाईंना सरकारनं सीबीई हा किताब दिला तो १९९७ मध्ये, आणि त्या २००० साली गेल्या. त्यांना देवी करू नका, खलनायिकाही करू नका. त्यांच्या हातात कार्ड द्या आणि तिसऱ्यांदा खूण नसलेला संदेश समोर ठेवा.

श्रेयनामावलीत नात्सवायलरच्या चौघींची नावं द्याल तेव्हा चौथं नाव सोनिया ओल्शानेझ्की असं द्या. संहिता तपासून हवी असेल, मोर्सची ढब किंवा सेट हाताळायची पद्धत कलाकाराला दाखवायची असेल, तर आमच्यातले हौशी रेडिओवाले तालमीला यायला तयार आहेत. मोबदला नको, फक्त सुटकेसमध्ये तांदूळ खरे हवेत.

कळावे,
युद्धेतिहास आणि हौशी रेडिओ यांत रमणारे काही वाचक